कानाचं मशीन

दुपारी जेवणं आटोपली की आमची आत्या प्रार्थनेला बसते. चष्मा लावते, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर घेते आणि कानाचं मशीन काढून डबीत ठेवते. परवा मी विचारलंच, "अगं आत्या, नेमकं ऐकायच्या वेळी मशीन काढतेस?" म्हणाली, "असू दे. त्यात शेजारणीचा मिक्सर फार मोठा येतो."

यावर काय बोलणार?

मला मात्र पंडिता रमाबाई आठवल्या. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या डॉक्टर व्हायला, आणि अडलं ते कानांवर. ऐकू कमी येत होतं, म्हणून वैद्यकीचं दार बंद झालं. त्याच वर्षी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे तिथल्या मठातल्या सिस्टरांशी त्यांचे वाद झाले, ते पत्रांत आहेत. इकडच्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं चढवून घेणार नाही, असं त्यांनी साफ कळवलं. देवाचं ऐकायचं, पण देवाच्या नावानं दुसरंच कोणी बोलायला लागलं, तर त्याला आधी नीट निरखून घ्यायचं. नंतर याच बाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा बोलीत. 1922 साली त्या गेल्या, ग्रंथ बाहेर आला 1924 साली.

रमाबाईंची ही पारख आमच्या चर्चच्या मंडळीत कमीच, हे माझं जुनं दुखणं. साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाचा अनुभव सांगायच्या वेळी, कोणीतरी उठतं आणि सांगतं, "प्रभू माझ्याशी बोलला." काय बोलला? तर पुण्याला फ्लॅट घे. अमक्या स्थळाला होकार देऊ नको. पाळकसाहेबांची बदली व्हायलाच हवी. हीच मतं त्या भावानं मागच्या रविवारी उपासनेनंतर चहा पिताना स्वतःची म्हणून सांगितलेली असतात. आठवडाभरात ती देवाची होतात. आणि देव बोलतो तेही छापील. "माझ्या लेकरा, भिऊ नकोस." नगरच्या माणसाशी नगरी का बोलत नाही, कोण जाणे.

आजोबांपुढे हे चाललं नसतं. ते मिशनच्या शाळेत मास्तर. मे महिन्यात आम्ही नातवंडं गावी जमलो की रात्री ओट्यावर कौटुंबिक प्रार्थना व्हायची. कंदील, त्याच्याभोवती पाखरं, एक गायन, शास्त्रपाठ, आणि मग मास्तरकीच्या सवयीनं प्रत्येकाला तोच प्रश्न, "आज देव तुझ्याशी काय बोलला?" डोळे मिटलेले असले तरी सगळ्यांची आतल्या आत तयारी चालायची. थोरला चुलतभाऊ हुशार. तो दहा आज्ञा रोज एक अशा पुरवून वापरायचा. (सातवी, व्यभिचाराची, त्यानं का गाळली ते मला फार उशिरा कळलं.) धाकटी म्हणायची, "देव म्हणाला, आंबा खा." आजोबा विचारायचे, "खाल्लास ना? मग झालं." माझी पाळी आली की मी सांगायचे, "काही नाही बोलला." आता ओरडा बसणार असं वाटायचं. पण ते नुसतं "बरं" म्हणायचे आणि पुढच्याकडे वळायचे.

शास्त्रातल्या ज्या जागा माझ्या लक्षात राहिल्यात, तिथेही देव सांगण्यापेक्षा विचारतोच जास्त. एदेन बागेत येतो तो शिळोप्याच्या वेळी, आणि आल्या आल्या विचारतो, तू कोठे आहेस? संदेष्टा एलीया जीव वाचवून होरेब डोंगरावरच्या गुहेत बसलेला. वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो, कशातच देव नसतो. मग ती शांत, मंद वाणी. तीही विचारते, तू इथे काय करतोस? फ्लॅटचा विषय नाही.

आणि शमुवेल. रविवारच्या शब्बाथशाळेच्या भिंतीवर त्याचं चित्र होतं, गुडघे टेकलेलं, हात जोडलेलं गोरंगोमटं पोर. "बोल, तुझा दास ऐकत आहे" एवढं पाठ म्हटलं की बाई खाऊ वाटायच्या. पण त्याआधी ते पोर भर रात्री तीनदा उठून एलीकडे, मंदिरातल्या म्हाताऱ्या याजकाकडे, धावलं होतं, म्हातारा हाक मारतोय असं समजून. म्हणजे देवाचा आवाज अगदी म्हाताऱ्यासारखाच आला असणार, पाणी हवं असेल असं वाटावं तसा. दोनदा "जा, झोप" ऐकूनही पोर तिसऱ्यांदा उठलं, तेव्हा कुठे एलीला उमगलं आणि त्यानं ते "बोल, तुझा दास ऐकत आहे" शिकवलं. आमच्याकडे आत्यानं रात्री एकदा हाक मारली तर आम्ही एकमेकांच्या घोरण्याचा अंदाज घेतो.

खाऊनंतरची गोष्ट मात्र बाईंनी कधी सांगितली नाही. देव त्या रात्री बोलला ते एलीच्याच घराण्याच्या नाशाबद्दल. मुलगे माजले आणि यानं त्यांना आवरलं नाही, म्हणून. पोर सकाळपर्यंत पडून राहिलं. उठून मंदिराची दारं उघडली, पण सांगायला धजेना. शेवटी एलीनंच त्याला बोलावलं, काही लपवू नकोस म्हणाला, आणि सगळं ऐकून घेतलं. डोळे गेलेले. ज्या पोराला ऐकायचं कसं ते शिकवलं, त्याच्याच तोंडून आपला निकाल. आणि म्हणाला काय, तर तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते तो करो.

मी असते तर म्हटलं असतं, बाळा, तुला भास झाला. दारं उघडलीस ना? मग जा, झाडून घे.