लिस्टमध्ये नसलेली गाडी

२०१८ चा पावसाळा. मी तेव्हा रत्नागिरीत एका कार कंपनीच्या डीलरकडे सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खराब एअरबॅगचा हा प्रश्न एकट्या त्या कंपनीचा नव्हताच, ताकाता नावाच्या जपानी सप्लायरचे एअरबॅग इन्फ्लेटर जवळपास वीस गाडी कंपन्यांनी वापरले होते आणि टीव्हीवर रिकॉलची, म्हणजे खराब पार्ट बदलायला गाड्या परत बोलावल्याची, बातमी आली की दुसऱ्या दिवशी काउंटरवर लोक आमच्यावर चिडायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एअरबॅगच्या मागे एक धातूची डबी असते, तोच इन्फ्लेटर, तिच्यात केमिकलच्या गोळ्या, धडक बसली की त्या पेटतात आणि त्या गॅसनं डोळ्याचं पातं लवायच्या आत बॅग फुगते. ताकाताने या गोळ्यांत अमोनियम नायट्रेट वापरलं, आपल्याकडे खाणीत सुरुंगाला जे वापरतात तेच, कारण स्वस्त पडतं. पण दमट हवा आणि रोजचं गरम-थंड होणं वर्षानुवर्षं चालू राहिलं की गोळ्यांचा हळूहळू भुगा व्हायला लागतो, मग त्या नको इतक्या जोरात पेटतात, डबीच फुटते आणि धातूचे तुकडे समोरच्याच्या गळ्यात नाहीतर चेहऱ्यात. ज्या धडकेतून माणूस खरचटण्यावर सुटला असता तिथे माणसं मेली. अमेरिकेत फ्लोरिडा, हवाई, पोर्टो रिको असल्या दमट भागांतल्या गाड्यांना सगळ्यात जास्त धोका धरला होता, मलेशियातही लोक गेले. हे वाचल्यापासून मला सतत आपली किनारपट्टी आठवायची, चार महिने पाऊस, बाकीचे महिने घाम, आणि गाड्या अंगणात उघड्यावर.

तर एक दिवस मालगुंडकडचे एक काका आले. रिटायर्ड माणूस, गाडी सेकंडहँड, पुण्याहून घेतलेली. आल्या आल्या म्हणाले, "माझ्या गाडीत तो बॉम्ब आहे का ते बघा आधी." चॅसिस नंबर टाकला. रिकॉल लागू नाही. त्यांच्या गाडीचं वर्षच आमच्या लिस्टच्या पुढचं होतं. काकांचा चेहरा एकदम हलका झाला, म्हणाले झालं तर मग, आलोच आहे तर वॉशिंग करून द्या.

मी गाडी आत घ्यायला बसलो आणि स्टिअरिंगवर हात ठेवला तेव्हा लक्षात आलं की मधलं कव्हर, जिथे लोगो असतो ते, बाकीच्या स्टिअरिंगपेक्षा उन्हानं जास्त उडालेलं आहे. एकाच गाडीत एकाच उन्हात राहिलेले दोन पार्ट असे वेगवेगळे उडत नाहीत. बाहेर येऊन विचारलं,

"काका, आधीच्या मालकाकडे गाडी ठोकली होती का?"

"मला काय ठाऊक? एजंटकडून घेतली मी. का?"

"एअरबॅग बदललेली वाटतेय. उघडून नंबर बघायला हवा."

"आत्ता म्हणालात लागू नाही. आता म्हणताय उघडायला हवी. म्हणजे बिल."

"उघडायचे पैसे घेत नाही."

"पहिलं फुकट, मग हे बदला नि ते बदला. अहो माझ्या भाच्याला तुमच्याच कंपनीचं पत्र आलं, खबरदारीचा उपाय म्हणून एअरबॅग बदलून घ्या. गेला तर पार्टच नाही, दोन महिने थांबवलं त्याला. नुसती खबरदारी होती तर पत्र कशाला, आणि जिवाचा प्रश्न होता तर पार्ट का नव्हता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते बरोबर बोलत होते. ते पत्र मी शंभर वेळा वाचलंय. त्यात "स्वेच्छेने", "ग्राहकांच्या समाधानासाठी" असलं सगळं होतं, पण ही डबी फुटून माणूस मरू शकतो हे एक वाक्य कुठे नव्हतं. आणि लोक काय आमच्या पत्रावर अवलंबून होते का? ताकाताने जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करायचं मान्य केलं, टेस्टचे आकडे गाडी कंपन्यांना खोटे दिले म्हणून, १०० कोटी डॉलर भरायचं ठरलं आणि जूनमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याआधी जानेवारी २०१५ मध्ये होंडाला अमेरिकेत ७ कोटी डॉलर दंड झाला, मृत्यू आणि जखमींच्या १,७२९ तक्रारी आणि काही वॉरंटी क्लेम सरकारला कळवले नाहीत म्हणून. हे सगळं मोबाईलवर वाचून माणूस आमच्यासमोर बसणार आणि आम्ही म्हणणार खबरदारीचा उपाय. मग एखाद्या दिवशी खरंच धोका दिसला आणि आम्ही कळकळीनं सांगितलं तरी त्याला त्यात फक्त बिल दिसणार. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली, की हा माणूस रागानं गाडी काढून घरी जाईल.

शेवटी मी त्यांना लास व्हेगासची गोष्ट सांगितली. २०१७ मधली, जुनी होंडा अकॉर्ड, साधा अपघात, चालवणाऱ्या तरुण मुलीच्या गळ्यात तुकडे घुसले, आणि नंतर कळलं की त्या गाडीत एअरबॅगच दुसऱ्या ठोकलेल्या गाडीतून काढून बसवलेली होती, घरच्यांना पत्ताच नाही. काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, "उघडा. पण मी इथेच उभा राहणार."

आमच्याकडे कस्टमरला बे मध्ये, म्हणजे गाडीचं काम चालतं तिथे, सोडत नाहीत, पण मी मॅनेजरला सांगून त्यांना लांब उभं केलं. टेक्निशियननं बॅटरीची निगेटिव्ह काढली, थोडा वेळ थांबला (लगेच हात घालायचा नसतो, सिस्टीममध्ये चार्ज राहतो), मागचे बोल्ट सोडले, पिवळा कनेक्टर काढला. बोल्टवर आधीच पान्याचे ओरखडे. मागच्या लेबलचा फोटो काढून कंपनीच्या टेक्निकलला पाठवला आणि संध्याकाळी उत्तर आलं की हा सिरीयल जुन्या गाडीचा आहे, रिकॉलच्या लॉटमधला. म्हणजे कुणीतरी भंगारातल्या गाडीतून एअरबॅगचं अख्खं मॉड्युल काढून इथे बसवलं होतं. डॅशबोर्डवरची एअरबॅगची वॉर्निंग लाईट बंद, सिस्टीम ओके, चॅसिस नंबर स्वच्छ, आणि रोज काका त्याच्यासमोर बसून रत्नागिरीला ये-जा करत होते.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, आता कंपनी बदलून देणार ना?

इथे मला अजून राग येतो. कंपनीचं उत्तर आलं, गाडी लिस्टमध्ये नाही, पार्ट बाहेरून बसवलेला आहे, ग्राहकाने पैसे भरावेत. मी मेल केली, मॅनेजरनं केली, की बसवला कुणीही असेल पण खराब माल आपल्याच गाडीतला आहे, तो रस्त्यावरून परत आला याचं समाधान माना आणि नवीन द्या. नाही म्हणजे नाही. तेव्हा आपल्याकडे रिकॉलचा सक्तीचा नियमही नव्हता, तो १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. लेबर आम्ही सोडली, पार्टचे पैसे काकांनी भरले. पार्ट येईपर्यंत गाडी आमच्याकडेच ठेवली, काका एसटीनं घरी गेले. एका मॉड्युलच्या पैशासाठी कंपनीनं हा माणूस घालवला, आणि कोकणात एक माणूस गेला की त्याचं सगळं गोत जातं.

त्यानंतर आम्ही सेकंडहँड गाडी आली की आधी एअरबॅग कधी उघडली होती का ते विचारायचो आणि शंका आली की सिरीयल बघायचो. तुम्हीही जुनी गाडी घेतली असेल तर हे करून घ्या, नुसता चॅसिस नंबर टाकून थांबू नका.

काकांनी नंतर भाच्याच्या शेजाऱ्याची गाडी स्वतः सोबत येऊन चेक करून घेतली, तीही पुण्याहूनच आलेली, ती ठीक निघाली. पुढच्या वर्षी त्यांनी नवीन गाडी घेतली ती दुसऱ्या कंपनीची, बुक करायच्या आधी मला फोन करून तिच्या एअरबॅगबद्दल सगळं विचारून घेतलं.