टर्बोवर धूर दिसला म्हणून टर्बो बदलू नका

जुन्या डिझेल गाडीच्या बोनेटखालून धूर येतो, मिस्त्री टॉर्च मारतो, टर्बोवर ऑइल चमकतं आणि ‘टर्बो गेला’ असा निकाल लागतो. हा निकाल बऱ्याचदा चुकीचा असतो. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, हा इंजिनावरचा तापलेला तवा. वरून किंवा बाजूने गळलेलं ऑइल, डिझेल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ओघळत त्याच्यावर येतं आणि तिथे जळतं. धूर दिसतो ती जळण्याची जागा. गळती वीतभर वर असू शकते, नाहीतर हातभर लांब.

इथे उदाहरण म्हणून 1248 सीसीचं मल्टिजेट इंजिन घेतलं आहे. फियाटचं आणि मारुतीने डीडीआयएस नावाने वापरलेलं हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत आलं. एप्रिल 2020 ला बीएस-6 हा प्रदूषणाचा नियम लागू झाला तेव्हा ते भारतात थांबलं, म्हणजे आज रस्त्यावरचं प्रत्येक इंजिन वयात आलेलं आहे. बाकीच्या टर्बो डिझेललाही पुढचं बरंचसं लागू पडतं.

आधी सुरक्षितता. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बोनेटच्या फटीतून ज्वाळा दिसत असतील किंवा बोनेटचा रंग फुगत असेल, तर बोनेट उघडू नका. हवा मिळताच आग भडकते. माणसं लांब न्या. नुसती वाफ असेल तर बोनेट उघडा, पण कूलंटचं झाकण अर्धा-पाऊण तास तरी सोडू नका. बंद सिस्टिममध्ये 1 बारचा जादा दाब असताना पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच दाब उतरतो आणि सगळं पाणी एकदम उकळून हातावर, तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचं नाही, अल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकडं होतं.

एक धोका यापेक्षा मोठा आहे. धूर निळसर-पांढरा, दाट, सायलेन्सरमधून ढगासारखा येतोय, इंजिनाची रेस आपोआप चढतेय आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. याचा अर्थ टर्बोच्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतला वायू बाहेर काढणारा पाइप) इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळतंय. ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, सर्वात वरचा गिअर टाका आणि क्लच एकदम सोडा. इंजिन दमून बंद पडतं. हवेच्या पाइपवर हात ठेवून ते थांबवायला जाऊ नका.

गाडी थंड झाली की मग शोध. सुरुवात नाकाने करा. वाफ पांढरी असते, हवेत लगेच विरते आणि तिला गोडसर वास येतो. तो कूलंटमधल्या ग्लायकॉलचा. ऑइलचा धूर निळसर, उग्र, बराच वेळ तरंगत राहणारा. डिझेलच्या धुराने डोळे चुरचुरतात. जळक्या प्लास्टिकचा वास म्हणजे वायरिंग. तिथे पुन्हा चावी लावून पाहण्याचा मोह टाळा आणि आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. घाट चढताना येणारा जळका वास अनेकदा बोनेटखालचा नसतोच, क्लच प्लेटचा असतो. पावसाळ्यात डबक्यातून गेल्यावर येणारी वाफ, जिला कसलाच वास नाही आणि जी दोन-तीन मिनिटांत संपते, ती नुसत्या पाण्याची.

आणि अलीकडे कोणी ऑइल बदललंय का ते आठवा. भरताना सांडलेलं चमचाभर ऑइलही पुढच्या एखाद्या फेरीत धूर देतं. पुसून घ्या आणि दोन दिवस पाहा.

वासानंतर वेळ बघायची. ही खूण लोक फार कमी वापरतात. धूर सुरू केल्या-केल्या येतो, की पंधरा मिनिटांनी, की सिग्नलला थांबल्यावर, की बंद केल्यावर? महामार्गावर वारा धूर मागे ढकलतो, म्हणून तो तिथे दिसत नाही; टोल नाक्यावर थांबलात की तोच धूर बोनेटच्या फटीतून वर येतो. म्हणजे गळती थांबल्यावर सुरू झालेली नसते, फक्त तेव्हा दिसते. इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी वाफ येते तेव्हा संशय कूलंटवर घ्या. पंप थांबतो, हेडची उष्णता पाण्यात उतरते, दाब थोडा वाढतो आणि अर्धवट चिरलेला पाइप नेमका तेव्हा फुटतो. फक्त भाराखाली, म्हणजे खंबाटकी किंवा कसाऱ्याच्या चढावर धूर येत असेल, तर दाबाखालचं ऑइल, इंजेक्टरची (डिझेल फवारणाऱ्या भागाची) सीट आणि एक्झॉस्टचे जोड तपासा.

कूलंटपासून सुरू करू. 75 पीएस ताकदीच्या मल्टिजेटचा लहान टर्बो फक्त ऑइलवर थंड होतो, त्याला कूलंटची लाइन नाही. म्हणून वाफ असेल तर टर्बोला दोष देताच येत नाही. रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा जोड, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, वॉटर पंपचं खालचं छिद्र, हीटरचे पाइप आणि कूलंटची बाटली हे नेहमीचे संशयित. सुकलेल्या कूलंटचा पांढरा, हिरवा किंवा गुलाबी थर गळतीची जागा सांगतो. तो दिसत नसेल तर प्रेशर टेस्टर लावा. थंड इंजिनावर झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या, त्याहून जास्त नाही, आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा खाली आला आणि बाहेर थेंब दिसला नाही, तर गळती आत आहे: हेड गॅस्केट (हेडखालचं सील), ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा इंजिनात परत जाणारा वायू थंड करणारा) किंवा ऑइल कूलर. ऑइल कूलर गेला तर बाटलीत चॉकलेटी साय दिसते. ईजीआर कूलर फुटला तर कूलंट सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराच्या रूपात जातं. हेड गॅस्केटसाठी सोपी खूण: सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा पाइप दाबा. मिनिटभरातच, पाणी गरम होण्याआधी तो दगडासारखा टणक झाला, तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतोय. खात्रीसाठी बाटलीच्या तोंडावर लावायचं निळ्या द्रवाचं टेस्टर मिळतं. पेट्रोलला तो द्रव पिवळा होतो, डिझेलला हिरवट.

आता ऑइल. बहुतेक धुराचं मूळ इथेच असतं, म्हणून घाई करू नका. पहिलं काम धुण्याचं. डिग्रीजर मारा, ब्रशने घासा, ऑल्टरनेटर आणि कनेक्टर प्लास्टिकने झाकून हलकं धुवा, पूर्ण सुकवा. जुनी चिकट काजळी तशीच ठेवून शोधलेली गळती नेहमी संशयास्पद असते, कारण सगळंच काळं दिसतं. मग संशयित जोडांवर टाल्कम पावडर शिंपडा, दहा मिनिटं आयडलिंगला ठेवा, नंतर दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. पावडरवर ओली रेघ जिथे सगळ्यात वर सुरू होते, ती गळतीची जागा. ऑइल खाली ओघळतं आणि फॅनच्या वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून शोध कायम वरून खाली आणि पुढून मागे.

वरून पाहत आलात की पहिलं ऑइल भरायचं झाकण आणि त्याचं रबर, मग टॅपेट कव्हरचं गॅस्केट, मग फिल्टर हाउसिंग आणि त्याला लागून असलेल्या ऑइल कूलरचं सील. त्यानंतर टर्बोला ऑइल देणारा बारीक पाइप. त्याच्या बँजो बोल्टला (मधून भोक असलेला, ऑइल पुढे नेणारा बोल्ट) दोन तांब्याची वॉशर असतात. एकदा दाबलेली वॉशर पुन्हा वापरली की हमखास पाझरतात. जोडी काही रुपयांत मिळते आणि तिच्यामुळे हजारोंचे टर्बो बदलले जातात, हे पाहून वाईट वाटतं. शेवटी टर्बोखालचा परतीचा पाइप. तिथे ऑइल दाबाने नाही, नुसत्या उताराने संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत जातं. पाइप आतून कार्बनने अरुंद झाला किंवा दबला, तर ऑइल टर्बोत साठतं आणि चांगल्या सीलमधूनही बाहेर येतं.

ब्रीदर पाइप तपासल्याशिवाय कुठलंही सील बदलू नका. तो तुंबला की क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोटातला) दाब वाढतो आणि ऑइल सगळ्याच जोडांतून बाहेर ढकललं जातं. इंजिन चालू असताना भरायचं झाकण सैल करून वर ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. जोरात उडायला लागलं आणि धूर पफ-पफ करत आला, तर ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टन रिंग झिजल्यात. डिपस्टिकही पाहा: ऑइल वरच्या खुणेच्या पुढे असेल तर जादाचं ऑइल ब्रीदरमधून हवेच्या पाइपात जातं.

टर्बो खरंच गेलाय का ते हवेचा रबरी पाइप काढून कळतं. आत ऑइलचा पातळ थर असणं सामान्य आहे, तो ब्रीदरचा. डबकं असेल तर काळजी. इंजिन थंड असताना शाफ्ट, म्हणजे टर्बोच्या पंख्याचा दांडा, बोटाने हलवा. बाजूला किंचित हालचाल चालते, कारण बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं. आत-बाहेर बोटाला जाणवेल असा खेळ नको. पंखा घराला घासल्याची चकाकी दिसली, तर टर्बो उतरवावाच लागेल.

डिझेलची गळती सापडली तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या. डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास ठिणगीशिवाय पेटू शकतं आणि भाराखाली टर्बोचं घर त्याहून पुष्कळ गरम असतं. इंजेक्टरवरच्या परतीच्या बारीक पाइपांची ओ-रिंग आणि डिझेल फिल्टरचे जोड आधी पाहा. जाड लोखंडी पाइपांत हजार बारपेक्षा जास्त दाब असतो. इंजिन चालू असताना तिथे बोटाने गळती चाचपू नका. डिझेलची सुईसारखी धार कातडीत शिरते आणि ती शस्त्रक्रियेची आणीबाणी असते. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि चक-चक आवाज असेल, तर खालचं तांब्याचं वॉशर गेलं आहे आणि बोनेटखाली येतोय तो सिलिंडरचा वायू.

दुरुस्तीत दोन गोष्टी सांभाळा. टर्बोच्या ऑइल पाइपांना सिलिकॉन लावू नका. त्याचा तुकडा तुटून पुरवठ्याच्या छिद्रात बसला की नवा टर्बोही जळतो. आणि टर्बो काढला असेल तर बसवल्यावर पुरवठ्याच्या छिद्रात थोडं स्वच्छ ऑइल ओता, क्रँक सेन्सरचा कनेक्टर काढून (म्हणजे इंजिन पेटणार नाही, नुसतं फिरेल) दहा-दहा सेकंद दोन-तीनदा स्टार्टर मारा, मग कनेक्टर लावून सुरू करा आणि पहिली काही मिनिटं रेस देऊ नका. आधीचं सांडलेलं ऑइल जळून जाईपर्यंत पहिल्या फेरीत थोडा धूर येणारच. तो दर फेरीला कमी होत गेला पाहिजे. तिसऱ्या फेरीलाही तेवढाच असेल, तर पुन्हा पावडर शिंपडा आणि वरून शोधायला लागा.