आमची वाटचाल : चालू जाहिरात नीट थांबवण्याचं काम

लातूरमध्ये आम्ही ऑनलाइन जाहिरातींचं काम घेतो. गिऱ्हाईक सगळं आपल्याच भागातलं: लातूरचे क्लासेस, उदगीरच्या दालमिल, जालन्याकडचे बियाणं विक्रेते, बीड-अंबाजोगाई पट्ट्यातले सीताफळ आणि केसर आंब्याचे बागायतदार, पैठणचे पैठणी विक्रेते. सुरुवातीला आमच्या कोटेशनमध्ये तीनच ओळी असायच्या: कॅम्पेन (म्हणजे एका हेतूने चालवलेली जाहिरातींची मोहीम) उभं करणं, डिझाइन, दरमहा देखभाल. आता चौथी ओळ असते, 'थांबवणे व हिशेब बंद करणे', आणि तिचे पैसे वेगळे लावतो. गिऱ्हाइकाला आधी ती ओळ फालतू वाटते. बटण दाबलं की थांबलं, त्याचे कसले पैसे? त्या ओळीत काय काय येतं, ते खाली सविस्तर देतोय.

मराठवाड्यातला बहुतेक धंदा हंगामी आहे. जाहिरातीची यंत्रणा मात्र बारमाही दुकान डोळ्यासमोर ठेवून बनवलेली. शेवटची तारीख रिकामी सोडली, तर कॅम्पेन माल संपल्यावरही चालूच राहतं.

सीताफळाचंच बघा. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. फळाचे डोळे उघडले, खवल्यांच्या मधल्या खाचा पांढरट-पिवळसर दिसू लागल्या, की तोडायचं. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत फळ मऊ पडतं. म्हणजे पुण्याला पेटी पाठवायची तर तोडणी, पॅकिंग आणि गाडी हे सगळं त्या दोन-तीन दिवसांत बसवावं लागतं. आता जाहिरात बघणारा माणूस लगेच ऑर्डर देत नाही. आज क्लिक करतो, उद्या व्हॉट्सॲपवर भाव विचारतो, परवा पैसे टाकतो. म्हणून शेवटच्या तोडणीच्या दिवशी जाहिरात बंद करणं म्हणजे उशीरच. आमचा नियम असा: शेवटच्या तोडणीतून निघणाऱ्या पेट्या मोजायच्या, त्यातून हातातल्या ऑर्डर वजा करायच्या, आणि 'भाव विचारून गेलेले पण अजून न घेतलेले' जितके असतील त्यांच्यापुरत्याच पेट्या उरल्या की जाहिरात पॉज करायची, म्हणजे तात्पुरती थांबवायची. हे गणित साधारण तीन दिवस आधी जुळतं. विचारून गेलेल्यांपैकी किती जण खरंच घेतात, याचं प्रमाण प्रत्येक बागायतदाराचं वेगळं असतं. ते त्याच्या व्हॉट्सॲपवरूनच मोजावं, दुसऱ्याचं उसनं घेऊ नये.

बियाण्याचं उलटं आहे. तिथे माल असतो, पाऊस नसतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मृग कोरडा गेला तर 'सोयाबीन बियाणे उपलब्ध' या जाहिरातीवर लोक क्लिक करतात, भाव बघतात आणि निघून जातात. पैसे आपले जातात. अशा वेळी आम्ही जिल्हा नव्हे, तालुका धरून जाहिरात पॉज करतो. औश्यात पाऊस झाला आणि अहमदपुरात नाही, असं नेहमीच होतं.

आता प्रत्यक्ष बटणाकडे येऊ. गूगल ॲड्समध्ये कॅम्पेनच्या नावाआधी हिरवा ठिपका असतो. त्यावर दाबलं की तीन पर्याय येतात: चालू, पॉज, रिमूव्ह. पॉज केलेलं कॅम्पेन कधीही परत सुरू करता येतं. रिमूव्ह केलेलं करता येत नाही. त्याचे जुने आकडे अहवालात दिसत राहतात, पण ते पुन्हा चालवायचं तर सगळं नव्याने उभं करावं लागतं. मेटावर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या ॲड्स मॅनेजरमध्ये, निळं बटण बंद करणं म्हणजे पॉज, आणि डिलीट म्हणजे कायमचं. आमच्याकडे सरसकट नियम आहे, रिमूव्ह नाही आणि डिलीटही नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळ्यांच्या जाहिराती एकदमच थांबवाव्या लागल्या. त्या घाईत ज्या धंद्यांनी पॉज केलं, त्यांना दुकान उघडल्यावर जुन्या आकड्यांवरून पुढे जाता आलं. ज्यांनी पुसून टाकलं, त्यांना शून्यातून सुरुवात करावी लागली.

मेटावर तीन पायऱ्या असतात: कॅम्पेन, त्याखाली ॲड सेट (एकत्र चालणाऱ्या ॲडचा गट), त्याखाली ॲड. बंद करायचं ते वरच्या पायरीवर. खालच्या पाच ॲड एकेक करून बंद केल्या आणि कॅम्पेन चालू ठेवलं, तर दुसऱ्या कुणी त्यात नवी ॲड टाकली की खर्च सुरू.

यातला सगळ्यात मोठा खड्डा वाटून घेतलेल्या बजेटचा. समजा एका क्लासची अकरावी आणि 'नीट' रिपीटर (वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा पुन्हा देणारे) अशी दोन कॅम्पेन आहेत आणि दोन्हींना मिळून रोजचे १,००० रुपये दिलेत. अकरावीच्या जागा भरल्या म्हणून ते कॅम्पेन थांबवलं. मालकाला वाटतं, खर्च निम्मा झाला. प्रत्यक्षात ते हजारच्या हजार रुपये रिपीटरकडे वळतात, कारण बजेट थांबलेलं नसतं, फक्त एक वाटेकरी कमी झालेला असतो. मेटावर बजेट कॅम्पेनच्या पातळीला लावलं असेल तर ॲड सेट बंद केल्यावर हेच होतं. म्हणून एक कॅम्पेन थांबवताना बजेटचा आकडाही त्याच बैठकीत खाली आणायचा.

दुसरा खड्डा आपोआप चालणाऱ्या नियमांचा. दर शुक्रवारी संध्याकाळी सुरू, रविवारी रात्री बंद, असा नियम कुणीतरी कधीतरी लावलेला असतो. तुम्ही बुधवारी हाताने पॉज करता आणि शुक्रवारी नियम आपलं काम करतो. थांबवण्याआधी नियमांची यादी उघडून 'सुरू करणारे' सगळे नियम बंद करावेत. दोन दिवसांनी बदलांची नोंद, म्हणजे चेंज हिस्टरी, पाहावी. कोणी, कधी, काय बदललं ते तिथे वेळेसकट दिसतं.

तिसरा प्रकार बूस्टचा, म्हणजे पेजवरची पोस्टच पैसे भरून जास्त लोकांना दाखवण्याचा, आणि तो आपल्याकडे फारच चालतो. दुकानातल्या मुलाने मोबाइलवरून पोस्ट बूस्ट केली, तर ती बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्या नावाच्या ॲड अकाउंटवर चालते. कंपनीच्या ॲड्स मॅनेजरमध्ये ती दिसतच नाही. आपण इकडे सगळं बंद केलेलं असतं आणि तिकडे बूस्ट चालू. पेजला ज्यांचा ज्यांचा ॲक्सेस आहे, त्या प्रत्येकाला त्याच्या मोबाइलमध्ये सगळी ॲड अकाउंट उघडून दाखवायला सांगावं. संकोच करू नये, पैसा धंद्याचा आहे.

थांबवल्यावर बिल का आलं, हा प्रश्न दर वेळी येतो. मागाहून पैसे कापणाऱ्या अकाउंटमध्ये खर्च साठत जातो आणि ठरलेल्या रकमेला पोचल्यावर किंवा महिन्याच्या तारखेला कापला जातो. त्यामुळे पॉज केल्यानंतर एक बिल येणारच. ते मागच्या दिवसांचं असतं. नोंद ठेवताना 'थांबवल्याची तारीख' आणि 'शेवटच्या बिलाची तारीख' वेगळ्या लिहाव्यात.

दिवसाच्या बजेटचंही नीट समजून घ्या. गूगलवर रोजचे ५०० रुपये लावले, तर एखाद्या दिवशी १,००० रुपयांपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याची मर्यादा ५०० गुणिले ३०.४, म्हणजे १५,२०० रुपये. पूर्ण महिना चालवलं तर जास्तीचे आणि कमीचे दिवस एकमेकांना सांभाळून घेतात. पण दहाव्या दिवशी थांबवलंत आणि तोवरचे बरेच दिवस जास्तीचे असले, तर खर्च ५,००० च्या वर गेलेला असतो. पुढचे कमीचे दिवस आलेच नाहीत ना! हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही म्हणूनच बजेट आधी निम्मं करतो आणि मग पॉज करतो.

कार्डाचं मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, रद्द करणं हा जाहिरात थांबवण्याचा मार्ग नव्हे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नियम लागू झाले आणि अनेकांच्या कार्डांवरून पैसे कापले जाणं बंद झालं. तेव्हापासून हा समज पक्का झाला की पैसे कापले नाहीत म्हणजे जाहिरात बंद. पण झालेला खर्च थकबाकी म्हणून अकाउंटवर बसतो, अकाउंट अडकतं, आणि पुढच्या हंगामात थकबाकी भरल्याशिवाय जाहिरात सुरूच होत नाही. क्रम असा ठेवा: आधी पॉज, मग थकबाकी भरणं, मग इनव्हॉइस उतरवून घेणं, शेवटी कार्ड काढणं. जाहिरात खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो. अकाउंटमध्ये तुमचा जीएसटी नंबर घातलेला असेल तरच इनव्हॉइसवर तो येतो आणि इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेता येतं. हे सुरुवातीलाच बघायचं, बंद करताना उपयोग नाही.

गूगलवर आगाऊ पैसे भरले असतील आणि धंदाच बंद करायचा असेल, तर नुसतं पॉज करून शिल्लक परत येत नाही. अकाउंट रद्द करावं लागतं, मग न वापरलेली रक्कम परत मिळते. तिला काही आठवडे लागू शकतात. कुपनचं क्रेडिट मात्र परत मिळत नाही.

सगळंच थांबवावं का, असा प्रश्न आला तर आम्ही आधी अर्धं थांबवतो. यावर आमचा फार विश्वास आहे. समजा ठिबकच्या दुकानाची जाहिरात लातूर आणि धाराशिव दोन्हीकडे चालते. तीन आठवडे धाराशिवमध्ये थांबवायची, लातूरला तशीच ठेवायची. दुकानात येणाऱ्या आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला 'कोणत्या गावाहून, आमच्याबद्दल कुठून कळलं' हे दोनच प्रश्न विचारून वहीत लिहायचं. तीन आठवड्यांनी धाराशिवकडचे फोन लातूरच्या मानाने घटले नसतील, तर तिथला खर्च वायाच जात होता. अट एवढीच की त्या काळात एखाद्याच जिल्ह्यात मोठी यात्रा, अनुदानाची घोषणा किंवा अतिवृष्टी झालेली नको. आणि गूगलच्या लोकेशन सेटिंगमध्ये 'त्या ठिकाणी असणारे' हाच पर्याय हवा. मूळ सेटिंगमध्ये त्या ठिकाणाविषयी रस दाखवणारेही धरलेले असतात. मग धाराशिवविषयी पुण्यात बसून शोधणारा माणूसही मोजणीत येतो आणि हिशेब बिघडतो.

थोड्या दिवसांसाठी थांबवत असाल तर मेटावर सात दिवसांची रेघ ध्यानात ठेवा. ॲड सेट सात दिवस किंवा जास्त बंद राहिला, की परत सुरू करताना त्याचं शिकणं, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची हे यंत्रणेने शोधणं, पहिल्यापासून सुरू होतं, आणि ते स्थिरावायला आठवड्याला साधारण ५० लीड (चौकशा) किंवा ऑर्डर लागतात. छोट्या दुकानाला इतक्या मिळत नाहीत. म्हणून दिवाळीत चार दिवस दुकान बंद असेल तर बिनधास्त पॉज करा. दहा दिवसांचं काम असेल तर बजेट अगदी कमी करून चालू ठेवणं परवडतं का, ते बघा. आंब्याचा हंगाम संपला असेल तर हा विचार करूच नका, सरळ थांबवा.

जाहिरात थांबली तरी वेबसाइटवरचा मेटाचा पिक्सेल आणि गूगलचा टॅग, म्हणजे साइटवर कोण येऊन गेलं ते नोंदवणारे कोडचे तुकडे, काढू नका. त्याला पैसे पडत नाहीत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची यादी भरत राहते. या याद्यांना मुदत असते: वेबसाइटवर येऊन गेलेल्यांची यादी मेटावर जास्तीत जास्त १८० दिवस, गूगलवर ५४० दिवस. केसरचा हंगाम जूनमध्ये संपतो आणि पुढचा एप्रिलच्या सुमारास येतो, म्हणजे मेटाची यादी तोवर रिकामी झालेली असते. त्यामुळे ज्यांनी आंबा घेतला त्यांचे नंबर, त्यांच्या संमतीने, आपल्या एक्सेलमध्ये असलेच पाहिजेत. व्हॉट्सॲप बिझनेसवरचा अवे मेसेजही (आपोआप जाणारं उत्तर) जाहिरात थांबवली त्याच दिवशी बदला: 'यंदाचा माल संपला, पुढच्या हंगामात कळवू, नाव-गाव पाठवा.' थांबवल्यानंतरही काही दिवस मेसेज येत राहतात, कारण लोकांनी लिंक एकमेकांना पाठवलेली असते.

आमच्या दरातही यामुळे बदल झाला. आधी आम्ही जाहिरात खर्चाच्या टक्क्यांवर मोबदला घ्यायचो. त्यात एजन्सीला थांबवण्याचा सल्ला देणं जड जातं, जितका खर्च जास्त तितकी कमाई. आता ठरावीक मासिक फी आहे आणि पॉज असलेल्या महिन्याला निम्मी. अकाउंट पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या ईमेलवर काढतो, आम्ही फक्त मॅनेजर अकाउंटमधून (अनेकांची अकाउंट सांभाळायच्या आमच्या अकाउंटमधून) जोडले जातो. काम संपलं की जोडणी तोडायची, पेजवरचा आमचा ॲक्सेस काढायचा, आणि हे गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने, आमच्यासमोर करायचं.

त्याआधी एक काम राहिलं असेल तर ते मेटावरच्या फॉर्मचं. लोकांनी फॉर्म भरून दिलेली नावं आणि नंबर ९० दिवसांपर्यंतच उतरवून घेता येतात. मे महिन्यात भरलेले प्रवेशाचे फॉर्म सप्टेंबरमध्ये शोधायला गेलात तर मिळायचे नाहीत. पॉजचं बटण दाबलं, त्याच दिवशी ती फाइल काढून घ्या.