सही कुणाची चालते?

खानापुरात जन्मभर बाँड रायटर म्हणून, म्हणजे खतं-दस्त लिहीत बसलोय. त्यामुळं अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या पुतण्यानं फोनवर तिथल्या मूळनिवासी जमातींच्या कसिनोंच्या, म्हणजे जुगारघरांच्या, करारांच्या भानगडी सांगायला घेतल्या, तेव्हा मी आधी हेच विचारलं, "राज्यातर्फे सही कुणाची?"

"गव्हर्नरची."

(हा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे बरं का. तिकडं तो मतं मागून निवडून येतो आणि कारभार हाकतो.)

एप्रिल २०२० मध्ये गव्हर्नर केविन स्टिट यांनी कोमांची आणि ओटो-मिसूरिया या जमातींशी करार केले. त्यात सामन्यांवरच्या पैजाही घातल्या. राज्याच्या कायद्यात त्या बसतच नव्हत्या. विधिमंडळाचे दोन्ही प्रमुख कोर्टात गेले.

मूळ कायदा १९८८ चा, केंद्राचा. जमातीच्या जमिनीवर कसिनो चालवायचा तर जमात आणि राज्य यांच्यात करार हवा. पण राज्याच्या वतीनं सही कुणी करायची, हे त्यात लिहिलेलंच नाही! ते ज्या त्या राज्याच्या घटनेवर. कॅन्सस राज्याच्या सुप्रीम कोर्टानं १९९२ मध्येच सांगितलं होतं की गव्हर्नरनं बोलणी खुशाल करावीत, राज्याला बांधून घ्यायचा अधिकार मात्र त्याला एकट्याला नाही.

"पण काका, केंद्राची मंजुरी होती की," पुतण्या म्हणाला. होती म्हणजे, ४५ दिवसांत केंद्रानं हो-नाही काहीच कळवलं नाही, म्हणून मंजूर धरलेली. तरी जुलैत ओक्लाहोमाच्या सुप्रीम कोर्टानं दोन्ही करार रद्दच ठरवले.

मला यात नवल वाटलं नाही. जांबोटीकडच्या तीन भावांची सामाईक जमीन होती. थोरल्यानं एकट्यानंच सगळी विकली. खत मीच लिहिलेलं. धाकट्यांच्या सह्या नंतर आणतो म्हणाला, मी मान डोलावली. रजिस्टर झालं, शिक्के बसले. पुढं धाकटे कोर्टात गेले आणि खत थोरल्याच्या हिश्शापुरतंच उरलं. कचेरीच्या शिक्क्यानं खताची नोंद होते. नसलेला अधिकार अंगाला चिकटत नाही.

"मग त्या जमातींची काय चूक?" पुतण्यानं विचारलं.

ह्याला मला उत्तर देता आलं नाही. ती जमीन घेणारा रोज नोंदणीची पावती घेऊन माझ्या टेबलासमोर यायचा. अजून कधी जांबोटीच्या बसमध्ये दिसतो. मी जागा देतो, तो उभाच राहतो.