घरातली कामाची खोली आणि आयकराचे विवरणपत्र

तेलुगू आणि कन्नडमधून मराठीत भाषांतर करण्याचे माझे काम जुळे सोलापूरमधील भाड्याच्या सदनिकेतील एका खोलीतच चालते. त्या खोलीचा खर्च व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करायचा, असे मी आर्थिक वर्ष २०२३-२४ सुरू होतानाच ठरवले. वकील, डॉक्टर, वास्तुविशारद अशा ठरावीक व्यावसायिकांना मर्यादेत राहून निम्मी प्राप्ती नफा म्हणून दाखवता येते; त्या यादीत भाषांतर नाही. त्यामुळे प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब ठेवून आयटीआर-३ (व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांचे विवरणपत्र) भरणे आले.

त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यात कलम ३० प्रमाणे व्यवसायाच्या जागेचे भाडे वजा होत असे आणि जागेचा काही भाग राहण्यासाठी असेल, तर कलम ३८ प्रमाणे प्रमाणशीर हिस्साच धरला जात असे. सदनिकेचे चटई क्षेत्र ६०० चौरस फूट, खोली १२० चौरस फूट. म्हणजे महिन्याच्या दहा हजार भाड्यातले दोन हजार माझ्या कामाच्या खोलीचे. हे गणित सोपे होते. खरा गुंता असा, की भाडेकरार आम्हा दोघांच्या नावावर होता आणि माझे पती जुन्या करप्रणालीत राहून पूर्ण भाड्याच्या पावत्यांवर घरभाडे भत्त्याची सूट घेत होते. एकाच रकमेचा लाभ दोघांनी घेणे योग्य नव्हते. म्हणून एप्रिलपासून आठ हजार त्यांच्या आणि दोन हजार माझ्या बँक खात्यातून जाऊ लागले व घरमालकांकडून पावत्याही वेगळ्या घेतल्या. जागेला व्यापारी दराने मालमत्ता कर लागेल, अशी धास्ती घरमालकांना वाटत होती. दारावर पाटी लागणार नाही आणि ग्राहकांची ये-जा होणार नाही, हे सांगितल्यावर ते तयार झाले. मी स्वतः नव्या करप्रणालीत राहिले, कारण तिथे ८०सी (बचत-गुंतवणुकीवरची) वगैरे वजावटी गेल्या तरी व्यवसायाचे खर्च वजा होतात.

विजेच्या बिलाला मात्र पाचव्या हिश्शाचे माप लावणे मला पटेना. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि घरातला एकमेव एसी माझ्याच खोलीत आहे. त्याची क्षमता व चाललेले तास वहीत टिपून मी युनिट काढले आणि महावितरणच्या बिलाशी ताडून पाहिले. इंटरनेटचे निम्मेच धरले; मुलांचे यूट्यूबही त्याच वायफायवर चालते.

सर्वांत मोठी नोंद लॅपटॉपची होती. संगणकावर घसारा, म्हणजे वस्तू झिजते म्हणून दरवर्षी मिळणारी वजावट, ४० टक्के होता, परंतु दिवाळीत घेतलेला ६०,००० रुपयांचा लॅपटॉप त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला गेल्यामुळे निम्म्या दराने १२,००० रुपयेच मिळाले. उरलेल्या ४८,००० वर पुढील वर्षी पूर्ण दराने १९,२०० रुपये घसारा लागला.