नागाहामातले रामेन : चिठ्ठीपासून वाडग्यापर्यंत

नोव्हेंबर २०२४ मध्ये कार्यालयाच्या कामासाठी चार दिवस जपानमधल्या फुकुओकाला जाणे झाले, तेव्हा एका दुपारी कुणाचीही सोबत न घेता रामेनच्या, म्हणजे गरम रश्शातल्या नूडल्सच्या, दुकानात जाऊन जेवायचे असे मी ठरवले. यापूर्वी टोकियोत दोनदा रामेन खाल्ले होते, परंतु दोन्ही वेळा जपानी सहकाऱ्यांनीच सारे मागवले होते. त्यामुळे वाडगा समोर येण्याआधी काय काय करावे लागते, हे मला ठाऊकच नव्हते. भुयारी रेल्वेच्या आकासाका स्थानकावर उतरून मी नागाहामाच्या दिशेने चालत गेले. हा शहराच्या घाऊक मासळी बाजाराचा परिसर. बाजारातल्या माणसांना निवांत बसून जेवायला सवड नसे, म्हणून इथल्या दुकानदारांनी झटपट शिजणाऱ्या बारीक नूडल्स वापरल्या. पण बारीक नूडल्स जितक्या लवकर शिजतात, तितक्याच लवकर गरम रश्शात फुगून मऊ पडतात. या दुकानांतले बहुतेक रिवाज या एका गोष्टीशी जोडलेले आहेत, हे त्या दिवशी जेवता जेवता मला उमगत गेले.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. हाकाता म्हणजे फुकुओकाचाच एक भाग; त्या पद्धतीच्या रामेनचा दाट, पांढरट रस्सा डुकराची हाडे तासन्‌तास खळखळ उकळून करतात. उकळीच्या जोराने चरबी पाण्यात मिसळून जाते आणि रश्शाला दुधासारखा रंग येतो. मी सर्व प्रकारचे मांस खाते, म्हणून मला अडचण नव्हती. परंतु वरचे मांसाचे काप काढायला सांगितले की पदार्थ शाकाहारी झाला, अशा समजुतीत कुणी राहू नये. सोया सॉसच्या किंवा मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) रामेनमध्येही रस्सा बहुधा कोंबडीचा, डुकराचा किंवा सुक्या मासळीचाच असतो. शाकाहारी माणसाने टोकियो स्थानकातल्या ‘टीज तानतान’सारखे, मांस-मासळी न वापरणारे दुकान शोधून तिथेच जावे.

दुकान दहा-बारा खुर्च्यांचे होते आणि दाराच्या आतच चिठ्ठ्या देणारे यंत्र उभे होते. या यंत्रात आधी पैसे घालायचे असतात. तेवढ्या रकमेत जे पदार्थ बसतात त्यांची बटणे उजळतात, मग हवे ते बटण दाबायचे आणि खाली पडलेली चिठ्ठी व सुटे पैसे उचलायचे. मी नवीकोरी हजार येनची नोट घातली, ती यंत्राने परत दिली. उलटी करून घातली, पुन्हा परत आली. जपानमध्ये जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा चलनात आल्या आणि अनेक दुकानांतली जुनी यंत्रे त्या ओळखत नाहीत, हे मी वाचले होते. पण मागे तीन माणसे उभी असताना ते आठवायला वेळ लागला. नव्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो यांचे चित्र आहे. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगच्या जंतूचा शोध लावणाऱ्यांत त्यांचे नाव घेतात, आणि दोनच वर्षांनी मुंबईत आलेल्या त्या साथीच्या आठवणी आमच्या घरात पणजीपासून सांगितल्या जात असल्याने, ती नोट हातात धरून मी क्षणभर थबकले होते हेही खरे. आतल्या मुलाने माझी अडचण पाहिली, काही न बोलता बाहेर येऊन नवी नोट घेतली आणि जुनी दिली. मागच्या तिघांपैकी एकानेही चुळबूळ केली नाही.

बटणांवर चित्रे नव्हती. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून पाहिले, तर एका बटणाचा अर्थ ‘बदली चेंडू’ असा आला, तो काही लागेना. अशा यंत्रात डावीकडचे सर्वांत वरचे बटण बहुधा त्या दुकानाच्या मुख्य पदार्थाचे असते, असे सहकाऱ्याने सांगून ठेवले होते; तेच मी दाबले.

आत गेल्यावर एक बोट वर करून एकटीच असल्याचे दाखवले, दाखवलेल्या खुर्चीवर बसले, पिशवी पायाशी ठेवली, पाणी स्वतःच ओतून घेतले आणि चिठ्ठी समोरच्या कठड्यावर ठेवली. इथे एकच प्रश्न विचारतात, आणि त्याचे उत्तर तयार हवे : नूडल्स किती कडक? ‘यावा’ म्हणजे मऊ, ‘फुत्सू’ म्हणजे नेहमीच्या, ‘काता’ म्हणजे कडक, ‘बारीकाता’ त्याहून कडक, आणि त्यापलीकडे ‘हारीगाने’, म्हणजे तार. मी ‘काता’ म्हटले, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यालाही मी तेच सुचवेन, कारण नूडल्स वाडग्यात पडल्यावरही शिजत राहतात आणि कडक घेतलेल्या नूडल्स शेवटच्या घासापर्यंत टिकतात.

दोन-तीन मिनिटांत वाडगा आला. या घडीला फोटो काढत बसू नये, लगेच खायला लागावे. शेजारचे दोघे नूडल्सचे खणखणीत भुरके मारत होते. आमटी-भाताचा भुरका मारणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला त्याचा संकोच वाटला नाही. नूडल्सबरोबर हवा ओढली गेल्याने त्या तोंडात शिरता शिरता निवतात आणि रश्शाचा वासही नाकात भरतो.

‘बदली चेंडू’चा उलगडा शेजाऱ्यामुळे झाला. त्याने नूडल्स संपवल्या, रस्सा मात्र राखून ठेवला आणि ‘काएदामा’ असे म्हणून सुटे पैसे कठड्यावर ठेवले. लगेच नुसत्या उकडलेल्या नूडल्सचा नवा गोळा त्याच्या रश्शात येऊन पडला. एकदम मोठा वाडगा दिला तर अर्ध्या नूडल्स मऊ पडतील, म्हणून थोड्या थोड्या ताज्या द्यायच्या, ही ती व्यवस्था. मी कोल्हापूरची असल्यामुळे मला मिसळ आठवली : तिथे आपण रस्सा पुन्हा मागतो, इथे रस्सा तोच राहतो आणि नूडल्स नव्या येतात. मीही सुटे पैसे ठेवून ‘काएदामा कुदासाई’, म्हणजे ‘काएदामा द्या’, म्हणाले. नूडल्सबरोबर आलेल्या पाण्याने रस्सा किंचित पातळ होतो, त्यासाठी समोर खारट मसाल्याची बाटली ठेवलेली असते. तिच्यातले चमचाभर घातले, थोडे लाल आले आणि तीळ टाकले. पहिल्या खेपेपेक्षा ही दुसरी खेप मला जास्त आवडली.

संपल्यावर वाडगा उचलून कठड्यावर ठेवला, समोरच्या फडक्याने माझ्यापुढची जागा पुसली आणि ‘गोचिसोसामा देशिता’, म्हणजे जेवणाबद्दल आभार, असे म्हणून उठले. पैसे आधीच दिलेले असल्यामुळे थांबायचे कारण नव्हते, आणि टीप देण्याची इथे पद्धत नाही. आत शिरल्यापासून वीस मिनिटेही झाली नव्हती. दारापर्यंत पोहोचते तोच माझ्या खुर्चीवर पुढचा माणूस बसला होता आणि चिठ्ठी ठेवताना त्याने म्हटलेले ‘बारीकाता’ मला मागून ऐकू आले.