अतामीपासून सुरू केलेला सिनेमा

टोकियोचा दौरा आठ दिवसांचा होता. सहा दिवस कामाचे, त्यातला एक ओसाकाजवळच्या कारखान्यात, आणि दोन दिवस जाण्यायेण्यात. शहर बघायला वेळ नव्हताच. अशा दौऱ्यांत मी सिनेमे बघते. दिवसभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर चालल्यावर रात्रीचे दोन तास तेवढे आपले उरतात. या वेळी ठरवलं, की जे शहर आपल्याला खिडकीतूनच दिसणार आहे ते निदान पडद्यावर नीट बघावं. टॅबलेटवर टोकियोत घडणारे दोन सिनेमे उतरवून घेतले. तिसरा विमानातच सापडला.

तो म्हणजे विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज' (2023). आधी एक मारधाडीचा सिनेमा लावला होता, पण वीस मिनिटांत कंटाळून बंद केला. विमानातल्या त्या वीतभर पडद्यावर कोसळणाऱ्या इमारती खेळण्यातल्या वाटतात. 'परफेक्ट डेज' मात्र त्या पडद्यावर चपखल बसला. त्याची चौकट जुन्या सिनेमांसारखी चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात आणि मध्ये एक माणूस. हिरायामा शिबुया भागातली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करतो. पहाटे उठतो, अंथरुणाची घडी घालतो, रोपांवर पाणी मारतो, गाडीत जुनी कॅसेट लावतो आणि कामाला निघतो. दुसऱ्या दिवशी हेच, तिसऱ्या दिवशीही हेच. पण छोटा आरसा भांड्याच्या कडेखाली धरून, न दिसणारी बाजू साफ झाली की नाही हे तो बघतो, ते मी तीनदा मागे जाऊन पाहिलं. कुणी तपासणार नसलेलं काम इतक्या निगुतीनं करणारी माणसं मी पाहिली आहेत, पण सिनेमात फारशी नाहीत. कोजी याकुशो या नटाला या भूमिकेसाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. संवाद इतके थोडे आहेत, की ते एका कागदावर मावतील असं वाटतं.

एका स्वच्छतागृहात त्याला भिंतीच्या फटीत घडी घातलेला कागद सापडतो. त्यावर फुल्लीगोळ्याचा अर्धवट डाव. तो आपली खूण करून कागद परत तिथेच ठेवतो. दुसऱ्या दिवशी समोरच्यानं पुढची खूण केलेली असते. समोरचा कोण, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. मला हा भाग सगळ्यात आवडला.

तक्रारही आहे. हा सिनेमा जन्माला आला तो 'द टोकियो टॉयलेट' या प्रकल्पातून. निप्पॉन फाउंडेशननं शिबुयात 17 सार्वजनिक स्वच्छतागृहं नामवंत वास्तुविशारदांकडून नव्यानं बांधून घेतली, आणि वेंडर्सला बोलावणं गेलं ते त्यांच्यावर काहीतरी छोटं चित्रित करण्यासाठी. त्यामुळे सिनेमात घाण जवळजवळ दिसतच नाही. साफ करायला येणाऱ्या माणसाच्या आधीच सगळं चकचकीत असतं. हे काम करणाऱ्याला रोज जे बघावं लागतं ते झाकून त्याच्या समाधानाचं चित्र काढणं मला पटलं नाही. पण मग त्याची बहीण येते. ड्रायव्हर असलेल्या मोठ्या गाडीतून. ती विचारते, तू खरंच स्वच्छतागृहं साफ करतोस का, आणि तो हो म्हणतो. ती गेल्यावर त्याला रडू फुटतं. त्या एका प्रसंगात कळतं, की हे आयुष्य त्यानं निवडलंय आणि त्याची किंमतही मोजलीय. माझी अर्धी तक्रार तिथे विरली. अर्धी अजून आहे.

शेवटी गाडी चालवताना त्याचा चेहरा बराच वेळ समोर राहतो, हसू आणि रडू एकाच वेळी. नेमक्या त्याच वेळी विमान उतरत असल्याची घोषणा झाली आणि पडदा गोठला. याकुशोचा अर्धवट हसरा चेहरा तसाच थांबून राहिला. शेजारच्या प्रवाशानं खुर्ची सरळ केली, खिडक्यांची झापडं वर गेली, खाली समुद्र दिसायला लागला, आणि तो चेहरा तसाच. घोषणा संपल्यावर उरलेलं मिनिटभर बघायला मिळालं.

कामाच्या तिसऱ्या दिवशी थोडी लवकर सुटका झाली. शिनागावाहून यामानोते लाइननं हॉटेलकडे परतताना शिबुयाला उतरले आणि चालत योयोगी फुकामाची पार्कात गेले. वास्तुविशारद शिगेरू बान यांनी केलेलं काचेचं स्वच्छतागृह तिथे आहे. बाहेरून आतलं सगळं दिसतं, म्हणजे आत कुणी नाही आणि जागा स्वच्छ आहे हे आत जाण्याआधीच कळावं. आतून कडी लावली की काच धूसर होते. सिनेमात एक पाहुणी बाई इथे गोंधळते आणि हिरायामा तिला कडी लावून दाखवतो. मी पोहोचले तेव्हा अंधार पडला होता आणि रंगीत काचांमधून उजेड बाहेर येत होता. कठड्याशी बसून मी दहा मिनिटं बघत राहिले. एक आई लहान मुलीला घेऊन आली. मुलगी आत शिरून नुसतीच कडी लावायची, काढायची, लावायची. काच धूसर, काच स्वच्छ. आईनं तिला घाई केली नाही.

हॉटेल पश्चिम शिंजुकूत होतं. खिडकीतून वास्तुविशारद केन्झो तांगे यांचा शिंजुकू पार्क टॉवर दिसायचा, पायऱ्यांसारखे चढत गेलेले तीन मनोरे. सोफिया कपोलाच्या 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन'मधलं (2003) हॉटेल याच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर आहे. तेव्हा तो सिनेमा तिथे बघणं ओघानंच आलं. रात्रीचे तीन वाजले होते आणि माझ्या शरीराच्या घड्याळात साडेअकराच. सिनेमातली दोन माणसंही झोप न येणारीच. व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी आलेला उतरणीला लागलेला नट, आणि नवऱ्याच्या कामापायी इथे येऊन खोलीत अडकलेली तरुण मुलगी. पूर्वी घरी पाहिला होता तेव्हा मला तो पोकळ वाटला होता. श्रीमंत माणसं काचेच्या खोलीत उदास बसली आहेत, यात काय एवढं, असं मी म्हटलं होतं. ते मत मी मागे घेते. ती उदासी पैशाची नाही, जागेपणाची आहे. खाली एवढं मोठं शहर लुकलुकत असताना, ज्याला हाक मारावी असं एकही माणूस शेजारी नसण्याची.

जपानी माणसांची टिंगल मात्र या वेळी जास्तच खटकली. उंची, उच्चार, वाकून नमस्कार, सगळ्यावर विनोद. आणि तो गाजलेला जाहिरातीच्या चित्रीकरणाचा प्रसंग. दिग्दर्शक जपानीत लांबलचक सांगतो, दुभाषी बाई एका वाक्यात आटोपते, नट विचारतो, एवढंच म्हणाले का ते? त्याच दिवशी सकाळी मी आमच्या दुभाषी बाईंच्या शेजारी बसले होते. समोरचे साहेब दोन मिनिटं बोलले आणि बाई म्हणाल्या, "ते विचार करतील." मी मनात तोच प्रश्न विचारला. चहाच्या सुट्टीत बाईंनी समजावून सांगितलं, की त्या दोन मिनिटांत साहेबांनी कुणालाही न दुखावता चार वेगवेगळ्या प्रकारे नाही म्हटलं होतं, आणि ते नाही तसंच्या तसं माझ्यापुढे ठेवलं असतं तर पुढची बैठकच झाली नसती. त्यांनी त्या दोन मिनिटांतून माझ्या कामाचं तेवढं वेचून काढलं होतं. मी त्यांना त्या प्रसंगाबद्दल विचारलं. त्यांनी तो पाहिलेला होता. म्हणाल्या, तो दिग्दर्शक खरंतर फार बारकाईनं सांगतोय, नजर कशी हवी, जुन्या मित्राला भेटल्यासारखं कसं बोलायचं. जपानी येणाऱ्याला त्यात विनोद वेगळाच दिसतो आणि थोडं वाईटही वाटतं. तो प्रसंग मला आता त्या दुभाषी बाईच्या बाजूनंच दिसतो.

शेवटी नट त्या मुलीच्या कानात जे कुजबुजतो ते ऐकू येत नाही ते बरंच. ते आपल्यासाठी नाहीच.

पाचव्या दिवशी ओसाका. सकाळची शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. शिनागावाला चढले, लॅपटॉप उघडला आणि आधी सगळ्या ईमेलना उत्तरं दिली. टोकियो ते शिन-ओसाका हे 515 किलोमीटर अंतर नोझोमी गाडी साधारण अडीच तासांत तोडते. अर्धा तास झाला असेल, मान वर केली तर खिडकीतून एक फलाट सर्रकन गेला आणि त्यावर नाव वाचता आलं: अतामी. नोझोमी तिथे थांबत नाही. मला एकदम पूर्वी पाहिलेल्या सिनेमातलं, तिथल्याच समुद्राकाठच्या कठड्यावर बसलेलं म्हातारं जोडपं आठवलं. लॅपटॉप मिटला आणि टॅबलेट काढून यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' (1953) सुरू केला.

पहिल्या काही मिनिटांतच एक जुना धागा हाती लागला. या सिनेमातल्या कुटुंबाचं आडनाव हिरायामा. वेंडर्सनं आपल्या सफाई कामगाराला तेच नाव दिलंय. ओझूचं टोकियो शोधत तो 1980च्या दशकात इथे आला होता आणि त्यावर त्यानं 'टोकियो-गा' हा माहितीपट केला. म्हणजे विमानातल्या त्या सिनेमाचं मूळ हे होतं.

गोष्ट साधी आहे. ओनोमिचीहून म्हातारे आईवडील मुलांना भेटायला टोकियोला येतात. थोरला डॉक्टर आहे. त्यांना फिरायला न्यायचं म्हणून सगळे तयार होतात आणि पेशंट येतो. मुलगी ब्युटी पार्लर चालवते, तिला फुरसत नाही. दोघं मिळून आईवडिलांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवतात. तिथे रात्रभर इतरांचा गोंगाट चालतो, झोप लागत नाही. सकाळी कठड्यावरून उठताना आईला चक्कर येते. कॅमेरा जमिनीलगत, फारसा न हलणारा. वडिलांचं काम करणारे चिशू ऱ्यू तेव्हा अवघे 49 वर्षांचे होते, हे पडद्यावर कुठेही कळत नाही.

कॉलेजात असताना मी हा सिनेमा पाहिला होता आणि मुलांवर चिडले होते, विशेषतः मुलीवर. या वेळी नजर दुसरीकडेच गेली. सासूसासऱ्यांना शहर दाखवायचं असतं तेव्हा नणंद फोन करते नोरिकोला. नोरिको म्हणजे युद्धात गेलेल्या मुलाची बायको, सेत्सुको हारा. ती एका ऑफिसात नोकरी करते. ती फोनवर थांबायला सांगते, साहेबांकडे जाते, उद्याची रजा मागते आणि परत येऊन हो म्हणते. जेमतेम मिनिटभराचा प्रसंग. पूर्वी तो माझ्या लक्षातही राहिला नव्हता. डॉक्टरचा दवाखाना स्वतःचा, नणंदेचं पार्लर स्वतःचं, त्यांना वेळ नाही. जिला दुसऱ्याकडे वेळ मागावा लागतो, ती मागून आणते. मी पंधरा वर्षं नोकरी करते आहे. रजेचा अर्ज करताना छातीत होणारी ती बारीकशी धडधड मला ठाऊक आहे. ती एकटी राहणारी बाई, जागा एका खोलीची, आणि तरीही ती उठून साहेबांच्या टेबलाशी जाते. आता मला हा सिनेमा मुलांच्या स्वार्थाबद्दलचा वाटत नाही. मला तो त्या एका दिवसाच्या रजेबद्दलचा वाटतो.

शेजारचे प्रवासी उजवीकडे वाकून फुजी शोधत होते, पण तो ढगात होता. मी लगेच परत खाली बघितलं.

क्योतो मागे पडलं तेव्हा म्हातारं जोडपं गाडीनं परत निघालं होतं. वाटेत आईची तब्येत बिघडते आणि त्यांना उतरावं लागतं. कुठे, तर ओसाकाला. ते बघत असतानाच माझ्या गाडीत शिन-ओसाकाची सूचना सुरू झाली. टॅबलेट बंद करून पिशवीत टाकला. फलाटावर कारखान्याचे दोघं वाट बघत उभे होते. दिवसभर यंत्रांचा आवाज, कागदपत्रं, सह्या. पण आई आजारी पडलेली आहे आणि तिला तशीच सोडून मी आले आहे, हे डोक्यातून जात नव्हतं.

संध्याकाळी परतीच्या गाडीत बसल्यावर पुढचं लावलं नाही. मागे गेले, नोरिकोच्या ऑफिसपर्यंत, आणि तिथून पुन्हा बघायला सुरुवात केली. रजा, बसमधून शहर, अतामी, ओसाका, मग ओनोमिचीची तार. अंत्यविधीनंतर धाकटी मुलगी चिडून विचारते, आयुष्य निराशच करतं नाही का? नोरिको हसून म्हणते, हो. सेत्सुको हाराचं ते हसू बघून गळ्यात आवंढा आला. सासरे नोरिकोला सासूचं घड्याळ देतात. मग ती टोकियोकडे परत निघते, तिला कामावर हजर व्हायचं असतं. गाडीत ती घड्याळ हातात घेऊन बसते. तीही पूर्वेला निघालेली, मीही.

शेवटी म्हातारा एकटा बसलेला, हातात पंखा, समोर समुद्रावरून जाणारी बोट. अक्षरं आली, संपली. इअरफोन काढले तेव्हा खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता आणि गाडी शिन-योकोहामाच्या जवळ आली होती. म्हणजे अतामी कधीच मागे गेलं होतं. या वेळी मी वर बघितलंच नव्हतं.